इंजिन न उतरवता

जुन्या जीपच्या बेल हाउसिंगला तळाशी एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलातून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलातून आलेलं तेल आत साचून क्लच प्लेट भिजू नये, ते खाली निघून जावं, एवढ्यासाठी. या भोकातून थेंब पडायला लागले की बहुतेक गॅरेजात खाली वाकून बघता बघताच निकाल लागतो: मागचं क्रँक सील गेलं, इंजिन उतरवावं लागणार. मालकाच्या पोटात गोळा येतो. चेन कप्पी लागते, दीड क्विंटलच्या वरचं धूड हवेत लटकतं, नवं सील बसतं, सगळं परत जोडलं जातं. आणि महिन्याभरात त्याच भोकातून पुन्हा थेंब. कारण तेल मुळात तिथून येतच नव्हतं.

हे मी इतक्या गाड्यांच्या बाबतीत ऐकलं की यंदा या एकाच विषयाचा पाठपुरावा करायचं ठरवलं. त्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. फाउंड्री, लेथ, पॅकिंग कापणारे, क्रँक ग्राइंडिंगवाले, स्पेअर पार्टची दुकानं अशी सगळी साखळी इथं हाकेच्या अंतरावर आहे. एखादा स्टड मिळत नसला तर तो शेजारच्या लेथवर वळून मिळतो. शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांच्या पुढच्या पिढ्या आज मोटारींवर काम करतात. यातल्याच एका गॅरेजात राधानगरीकडच्या एका ऊस उत्पादकाची पेट्रोल जीप आली होती. उंच बॉनेटची, सीजे थ्री बी. आधीच्या गॅरेजनं तिच्या मालकांना इंजिन उतरवण्याचा सल्ला दिला होता आणि ते तयारीनंच आले होते. साठीच्या पुढच्या मिस्त्रींनी गाडीखाली न जाताच त्यांना विचारलं, “मालक, उतरवू म्हणालासा तर उतरवतो. पर आधी कुठनं गळतंय ते तरी बघू की.”

या इंजिनाची थोडी ओळख करून घ्यायला हवी, कारण गळतीची सगळी गोष्ट त्याच्या रचनेत आहे. महिंद्रानं विलिजच्या जीप १९४९ साली मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. पुढं हे उंच बॉनेटचं मॉडेल आलं. अमेरिकेत ते १९६८ पर्यंत चाललं, आपल्याकडं त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. त्यातलं ‘हरिकेन’ इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळी मांडणी. त्यामुळं या इंजिनाला टॅपेट कव्हरंही दोन: एक डोक्यावर, दुसरं ब्लॉकच्या कुशीला. दोन कव्हरं म्हणजे दोन पॅकिंग, म्हणजे तेल बाहेर यायला दोन जादा वाटा. कुशीच्या कव्हरातून झिरपणारं तेल ब्लॉकच्या अंगावरून मागं सरकतं, बेल हाउसिंगच्या सांध्याला पोचतं आणि शेवटी अगदी तळाच्या भोकाजवळ येऊन टपकतं. खालून बघणाऱ्याला ते क्रँक सीलच वाटणार.

गळणारं तेल दोन दिशांना ओढलं जातं. वजनानं खाली आणि चालत्या गाडीतल्या वाऱ्यानं मागं. म्हणून थेंब जिथं पडतो ती जागा शोधाच्या कामाची नसते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधावी लागते. वाचायला हे सोपं आहे. पण वीस-पंचवीस वर्षांची चिखल-तेलाची पुटं चढलेल्या इंजिनावर सगळंच ओलं असतं, आणि तिथं हा नियम लावायचा तर आधी इंजिन धुवावं लागतं. मिस्त्रींच्या पोरांनी पहिला अर्धा दिवस यातच घातला. डिझेल आणि ब्रशनं पुटं काढली, साबणाच्या पाण्यानं धुतलं, हवेनं सुकवलं. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल प्लास्टिकनं बांधून ठेवली होती. बेल हाउसिंगच्या आतली धूळ मात्र हवेनं उडवू दिली नाही. ओल्या फडक्यानं पुसायला लावली. जुन्या क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर ती बाहेर निघत नाही. ही खबरदारी फार थोड्या गॅरेजांत पाळली जाते, आणि ती प्रत्येक ठिकाणी पाळली गेली पाहिजे.

धुतल्यावर वास बघितला. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात. त्याचा उग्र दर्प एकदा नाकात बसला की विसरत नाही. भोकातल्या तेलाला तो वास नव्हता, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील संशयातून सुटलं. मग संशयाच्या सगळ्या सांध्यांवर खडूची पूड फुंकली, इंजिन गरम होईपर्यंत चालवलं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ कुठं उमटते ते काडीला लावलेल्या छोट्या आरशानं पाहिलं. शहरातल्या काही वर्कशॉपांत यासाठी तेलात चमकणारा रंग मिसळतात आणि अतिनील दिव्याखाली बघतात. रंग जास्त अचूक असतो, खास करून जिथं आरसाही पोचत नाही तिथं. पण खडूनंही या जीपची पहिली रेघ दाखवली: कुशीच्या टॅपेट कव्हराची मागची कड.

इथंच बरेच जण थांबतात आणि पॅकिंग बदलून मोकळे होतात. मिस्त्री थांबले नाहीत. त्यांनी एक रबरी हातमोजा तेल भरायच्या नळीच्या तोंडावर घट्ट बांधला आणि इंजिन चालू केलं. मोजा फुगला, पाचही बोटं ताठ उभी राहिली.

या फुगलेल्या मोज्यापाशी जरा थांबतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म तिथंच आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, झिजलेल्या इंजिनात अधिक. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर आत दाब साचतो आणि हा दाब तेलाला प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक सीलाच्या ओठातून बाहेर ढकलतो. सील कितीही नवं असो, ते तेल अडवण्यासाठी केलेलं असतं, आतून ढकलणारा वायू अडवण्यासाठी नव्हे. म्हणून या वायूला वाट देणारी पीसीव्ही झडप असते. इनटेक मॅनिफोल्डमधल्या ओढीनं ती क्रँककेसमधला वायू शोषून घेते आणि इंजिनातच पुन्हा जाळायला पाठवते. अमेरिकेत सामान्य मोटारींना ही व्यवस्था १९६०च्या दशकात हवेच्या प्रदूषणामुळं आली. जीपला मात्र ती दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांपासून होती.

या जीपची झडप काजळीनं पूर्ण बंद झाली होती. हलवली तर आतली सुई खुळखुळायला हवी, ती हलतच नव्हती. कधीतरी कोणीतरी तिची नळीही साधी पेट्रोलची बसवली होती. ती मॅनिफोल्डच्या ओढीनं आत चिकटून बसली होती. झडप खोलून कार्बोरेटर क्लीनरनं धुतली, जाड भिंतीची नळी लावली, मोजा पुन्हा बांधला. या वेळी तो आत ओढला गेला. जीप तशीच दोन दिवस फिरवायला दिली. तेल बरंच कमी झालं, पण थांबलं नाही.

या दोन दिवसांत माझं मत पक्कं झालं. बाहेर येणारा थेंब बघून आपण रबराला दोष देतो. आधी दाब तपासायला हवा. झडप, क्रँककेसचा ब्रीदर, त्यांच्या नळ्या हे सगळं बॉनेट उघडलं की हाताला लागतं, त्यांना फार पैसे लागत नाहीत, आणि त्या तशाच ठेवून बदललेलं कुठलंही सील टिकणार नाही. इंजिन उतरवणाऱ्या गॅरेजनं नवं सील बसवलं असतं तरी तुंबलेल्या झडपेनं ते वर्षभरात पुन्हा फोडलं असतं.

उरलेली गळती शोधायला हवेची परीक्षा केली. ब्रीदर आणि झडपेची तोंडं बंद करून डीपस्टिकच्या नळीतून अगदी हलकी हवा दिली, दोन-तीन पीएसआय. याहून जास्त दिली तर चांगली सीलंच उलटतात, म्हणून रेग्युलेटरशिवाय ही परीक्षा करू नये. मग साबणाचं पाणी. कुशीच्या कव्हराला फेस आला, क्रँकच्या पुढच्या पुलीपाशी बारीक बुडबुडे आले, आणि बेल हाउसिंगच्या भोकातूनही साबणाचा फुगा निघाला. म्हणजे मागचं सीलही खरोखर गेलेलं होतं. आधीच्या गॅरेजचं निदान पूर्ण चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. सुचवलेला उपाय मात्र गरजेपेक्षा फार मोठा होता.

पुढची बाजू आधी उरकली. रेडिएटर आणि पुली काढल्यावर दिसलं की सीलाच्या ओठानं पुलीच्या मानेवर नख अडकेल अशी चर पाडली आहे. अशा मानेवर नवं सील बसवलं तरी त्याचा ओठ त्याच चरीत पडतो. यावर पातळ स्टेनलेस स्टीलची बाही मिळते, भिंत साधारण पाव मिलिमीटरची. ती मानेवर ठोकून बसवली की सीलाला गुळगुळीत नवा पृष्ठभाग मिळतो. पुली बदलायची गरज नाही, लेथची गरज नाही. कुशीच्या कव्हराची कड आधीच्या कुणीतरी बोल्ट आवळून आवळून वाकवली होती. ती लाकडी ठोकळ्यावर सरळ केली आणि नवं कॉर्कचं पॅकिंग टाकलं. गळतं म्हणून आणखी आवळायचं, ही सवय पॅकिंगचं सगळ्यात जास्त नुकसान करते. पत्र्याचं कव्हर बोल्टापाशी खोल जातं आणि दोन बोल्टांच्या मधे फुगतं, तेल तिथूनच निघतं.

मग मागचं सील. हे बघायला मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

या इंजिनाच्या मागच्या मेन बेअरिंगचं सील दोन तुकड्यांचं असतं. एक तुकडा वर ब्लॉकच्या खाचेत, दुसरा खाली बेअरिंगच्या कॅपमध्ये. जुन्या इंजिनांत ग्रॅफाइट लावलेला पीळदार दोर असायचा, नंतर रबरी ओठाचे अर्धगोल आले. एक तुकडा कॅपमध्येच असल्यामुळं इंजिन जागेवर ठेवून तो सहज हाती येतो. खरा प्रश्न वरच्या तुकड्याचा. त्याच्यावर क्रँकशाफ्ट टेकलेला असतो.

जीपच्या चासीला घोड्या लावल्या आणि पुढची चाकं लटकती सोडली. पुढचा ॲक्सल खाली गेला तसा ऑइल चेंबर काढायला जागा झाली. मोटारीत ही जागा नसेल तर इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट सैल करून, चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकनं इंजिन दोन-तीन इंच वर उचलतात. त्याआधी फॅन रेडिएटरला लागत नाही ना आणि नळ्या ताणत नाहीत ना हे बघावं लागतं. चेंबर खाली आल्यावर मागची कॅप काढली. बाकीच्या दोन कॅपही केसभर सैल केल्या, पूर्ण काढल्या नाहीत. एवढ्यानं क्रँक किंचित खाली टेकतो आणि वरच्या तुकड्यावरचा दाब सुटतो. मग पितळेच्या बारीक सळईनं वरच्या तुकड्याचं एक टोक हळू हळू ठोकलं. सळई पितळेचीच हवी, लोखंडाची निसटली तर क्रँकच्या गुळगुळीत मानेवर, म्हणजे जर्नलवर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे पुन्हा गळती. पलीकडच्या बाजूनं टोक बाहेर आलं तसं पक्कडीत धरून क्रँक हातानं फिरवत ओढून काढलं. ते इतकं कडक झालं होतं की वाकवताच तुटलं.

नवा तुकडा तेलात बुडवून त्याचा ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला वळवला आणि लेंग्यात नाडी ओवावी तसा खाचेत सरकवत नेला. एक पोरगा पुढून क्रँक फिरवत होता, मिस्त्री मागून अंगठ्यानं ढकलत होते. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. “थांब. ... हां, फिरव. आणखी. बास!” एवढाच संवाद. ओठ उलटा झाला तर सील तेल आतून बाहेर पंपासारखं फेकेल, आणि ते कळेल गाडी पुन्हा जोडून झाल्यावर. दोन्ही तुकडे जिथं मिळतात तिथं सिलिकॉनचा ठिपका लावला, रेघ नाही. जास्त लावलेलं सिलिकॉन दाबलं जाऊन आत शिरतं, तिथं वाळतं, सुटतं आणि तेलपंपाच्या जाळीत जाऊन अडकतं. गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगचं तेल तुटलेली इंजिनं या गॅरेजनं पाहिली आहेत.

या कॅपची आणखी एक खोड आहे, आणि माझ्या मते ‘सील बदललं तरी गळतं’ या तक्रारींचं ती मोठं कारण असावी. कॅपच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा असतात आणि त्यांत रबराच्या पट्ट्या बसवायच्या असतात. कारखान्याच्या सूचनेप्रमाणे या पट्ट्या कॅपच्या खाली साधारण पाव इंच बाहेर राहिल्या पाहिजेत. चेंबर वर बसतो तेव्हा तो त्यांना आत दाबतो आणि खाच भरून निघते. नेटकेपणाच्या हौसेपोटी कोणी ती बाहेर आलेली टोकं कॅपला सपाट कापली की तिथून तेलाला मोकळी वाट मिळते, आणि दोष मात्र सीलाच्या नावावर जातो. या जीपच्या जुन्या पट्ट्या नेमक्या तशाच, सपाट कापलेल्या होत्या. मिस्त्रींनी त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, “बघा. काम केल्यालं हाय. पर वाचून केल्यालं न्हाई.”

कॅपा टॉर्क पान्यानं आवळल्या. चेंबर बसवण्यापूर्वी त्याची कड काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहिलं. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर लालबुंद तापवून पाण्यात बुडवला. तांबं असं मऊ होतं आणि जुना वॉशरही पुन्हा नीट बसतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, म्हणून गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि तेल दुसऱ्या दिवशी भरलं. घाईची गिऱ्हाईकं इथंच हट्ट करतात. ते ऐकू नये.

हेच काम इंजिन उतरवून केलं असतं तर काय झालं असतं? हातांना सोय झाली असती, यात शंका नाही. पण रेडिएटरच्या नळ्या, गंजलेले एक्झॉस्टचे स्टड, वायरिंग, पेट्रोलची लाइन, क्लचची जोडणी, फाउंडेशनची रबरं, गिअरबॉक्सशी इंजिन एका रेषेत असणं, हे सगळं एकदा सुटून परत बसलं असतं. जुन्या गाडीत सुटलेली प्रत्येक जोडणी नवा बिघाड घेऊन येऊ शकते. मारुती ८०० चं उदाहरण घ्या. तिच्या डिस्ट्रिब्युटरचा साधा रबरी ओ-रिंग कडक झाला की कॅमशाफ्टच्या टोकाकडून तेल उतरून गिअरबॉक्सवर पडतं आणि क्रँक सीलाची शंका येते. एका रबरी कड्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं ही गाडीची सेवा नव्हे. तेलाच्या दाबाच्या स्विचचंही तसंच. त्याच्या प्लास्टिकमधून झिरपलेलं तेल वायरवरून लांब जाऊन भलतीकडंच टपकतं. स्विच बदलायला दहा मिनिटं लागतात.

बाटलीतली ‘गळती बंद’ औषधं विकली जातात, त्याबद्दल लोक हमखास विचारतात. त्यांतली बरीच औषधं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात आणि मऊ करतात. सील फक्त सुकलं असेल तर काही काळ फरक पडतो. फाटलेलं सील, वाकलेला चेंबर, तुंबलेली झडप यांच्यावर त्यांचा काहीही उपयोग नाही. तपासणीच्या जागी बाटली ओतणं मला मान्य नाही.

आता पैशाचं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्याकडं गॅरेजचं बिल सुट्या भागांचं आणि खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचं असतं. शोधण्याचं काही नसतं. इंजिन उतरवणाऱ्याला मोठी मजुरी मिळते. अर्धा दिवस धुऊन, वास घेऊन, खडू फुंकून झडपेवर बोट ठेवणाऱ्याला झडप धुण्याचे पैसे मिळतात. मग तरुण मिस्त्री काय शिकणार? या जीपच्या मालकांनी बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ मागून घेतली आणि तिचे पैसे दिले. प्रत्येक गाडीमालकानं असं करावं अशी माझी विनंती आहे. हे काम कष्टाचं आहे आणि त्याला शिक्षण लागतं.

काढलेलं तेल बंद ड्रममध्ये गेलं. वापरलेलं तेल हा २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचा असतो. गटारात ओतलेलं तेल कुठं जातं हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. जयंती नाला पंचगंगेला मिळतो. रस्त्यावर पडणारा थेंब आणि गटारात ओतलेला डबा यांत फरक फक्त प्रमाणाचा आहे, म्हणून साध्या गळतीकडंही दुर्लक्ष करू नये.

जीप परत देण्याआधी इंजिन गरम करून थंड केलं आणि चेंबरचे बोल्ट एकदा तपासले, कारण कॉर्कचं पॅकिंग पहिल्या तापण्यात बसकण मारतं. भोक कोरडं होतं. मालकांना आठवडाभरानं पुन्हा यायला सांगितलं.

सगळीच कामं इंजिन जागेवर ठेवून होतात असं मात्र नाही. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये एक पत्र्याची टोपी ठोकलेली असते. ती गळली तर तेल फ्लायव्हीलच्या मागून येतं आणि गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील काढल्याशिवाय ती दिसतही नाही. तेवढं काढूनही इंजिन जागेवरच राहतं. पण क्रँकचा जर्नल खोल चरला असेल, मेन बेअरिंग इतकी झिजली असतील की क्रँक सीलाच्या ओठात डगमगत फिरतोय, क्रँकची पुढं-मागं होणारी हालचाल मापाबाहेर गेली असेल, किंवा ब्लॉकलाच तडा असेल, तर खड्ड्यात झोपून केलेली कुठलीही करामत टिकणार नाही. हे तपासूनच ठरवावं लागतं: कॅप काढल्यावर जर्नलवर नख फिरवून, डायल गेजनं क्रँकची हालचाल मोजून, बेअरिंगचा रंग बघून. या जीपच्या जर्नलवर नख अडकलं नाही, म्हणून काम खालूनच झालं. अडकलं असतं तर मिस्त्रींनी तिथंच काम थांबवून मालकांना खड्ड्यापाशी बोलावलं असतं, जर्नलवर त्यांचं बोट ठेवून चर दाखवली असती आणि मगच चेन कप्पी लावली असती.